डोमाजीचा बुरूज

मी मुळातच घाबरट. गॅस बंद केला का नाही, हे पाहायला मावल्याच्या चौकातून स्कूटी वळवून घरी परत आलेली आहे, आणि तेही एकदा नाही. अशा बाईला सरकारने सर्वेयर केलं. म्हणजे ज्या जागेवरून लोक एकमेकांची डोकी फोडतात, त्याच जागेवर जाऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, हद्द इथून जाते. त्यातून माझ्या वाट्याला आलं डोमाजीकाकांचं गाव. गावाचं नाव लिहीत नाही. आदिलाबादकडच्या तलमडुगु मंडलात, म्हणजे तालुक्यात आहे, एवढं पुरे. मला तिथे अजून जावं लागतं.

काकांच्या आधी त्यांचा बुरूज दिसायचा. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मोजणीची साखळी धरणाऱ्या चैनमनला म्हटलं, "ड्रायव्हरला सांग, गाडी जरा लांबून घे." रस्त्यापासून तो चांगला शंभर पावलं आत होता, तरीसुद्धा. तीन पुरुष उंच, गोल, काळ्या दगडांचा. माती नाही, चुना नाही, सिमेंट नाही. नुसता दगडावर दगड. बाहेरच्या अंगाने दगडी पायऱ्या वळत वळत वर गेलेल्या, त्यांना कठडा वगैरे काही नाही. एका बाजूने पाहिला की झुकलेला वाटायचा, दुसऱ्या बाजूने सरळ. मी दोन्हीकडून पाहिला आणि दोन्ही वेळा चार पावलं मागे सरकले.

"पडत नाई मॅडम थो," चैनमन म्हणाला. "वीस वर्सापासून लोकं हेच म्हनून राह्यले, आज पडते, उद्या पडते."

आता मला सांगा, यात धीर येण्यासारखं काय होतं?

माझं काम होतं बाजूच्या वावरात. मी तिपाई लावून मशीन बसवत होते, तेवढ्यात एक म्हातारा पितळी गडव्यात चहा घेऊन आला. कपाशीच्या वाळल्या पराटीसारखा काटक, डोक्याला दुपट्टा, उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला चार बोटं खाली उतरलेला. त्याने आधी मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा मशीनकडे.

"बाई, एक इचारू?"

"विचारा ना काका."

"तुमच्या ह्या मशिनीले दगडाच्या पोटातलं दिसते का?"

मी हसले. म्हटलं, "काका, ही आभाळाकडे पाहते, उपग्रहाकडे. पोटातलं नाही दिसत तिला."

"मंग बरं हाय," ते म्हणाले, आणि चहा माझ्यापुढे केला. साखर इतकी की चमचा उभा राहावा. खेड्यातला भाबडा माणूस, असं समजून मी चहा पिऊन टाकला. आज तो प्रश्न आठवला की माझ्या त्या हसण्याची लाज वाटते.

हेच डोमाजीकाका. ते काही गवंडी नव्हते. थापी त्यांनी उभ्या जन्मात धरली नव्हती. तरुणपणी त्यांची बैलबंडी होती, आसपासच्या गावांतला कापूस आदिलाबादच्या जिनिंगला पोचवायचे. पुढे टेम्पो आले, बंडीला काम उरलं नाही. मग त्याच बंडीतून ते दगड वाहायला लागले. आमच्याकडे पेरणीआधी वावरातले दगड वेचून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर टाकतात. ते काका उचलून न्यायचे. लोक खूश, धुरा मोकळा होतो फुकटात.

बांधायला कोणाकडून शिकलात, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "पडक्या भितीपासून. भीत पडली का मी पाह्याले जाओ. काऊन पडली? कोनता दगड आंधी सरकला? उभ्या भितीपासून काई शिकाले भेटत नाई, बाई. थे बोलतच नाई."

दगडाची पारख करायची त्यांची रीत पाहून मी पहिल्यांदा तोंड फिरवलं होतं. आधी बोटाच्या पेराने टकटक करून कान लावायचे, आणि मग सरळ जीभ लावायचे. चाटायचे हो दगड! सुभद्राकाकू, म्हणजे त्यांची बायको, अंगणातून ओरडायची, "जेवाले बसत नाई बुढा, आन दगडं चाटते! लगन झालं तवा बैलं हाकत होता, आता मलेच हाकते." हीच काकू रोज सकाळी त्या बुरुजाची पहिली पायरी शेणाने सारवायची, हेही मी पाहिलेलं आहे.

तर त्या चाटण्याची गावात परीक्षाच झाली एकदा. हॉटेलात बसलेल्या टवाळांनी चार वावरांतले चार दगड आणून ठेवले, डोळ्यांना दुपट्टा बांधला आणि म्हणाले, सांग आता. काकांनी तीन बरोबर सांगितले. हा खालच्या वावरातला, हा नाल्याकाठचा, हा माळावरचा. चौथ्याला जीभ लावली आणि थुंकले. "हा दगड नाई बे, ईट हाय भट्टीची. जाळून काळी केली. लेकहो, बुढ्याले फसवता?" तेव्हापासून त्यांच्या जिभेला गावात मान आला. बुरुजाला मात्र कोणी मान दिला नाही. त्याला लोक भ्यायचेच. बाया पोरांना सांगायच्या, तिकडून नको जाऊ. मी अगदी त्या बायांच्या बाजूची.

काकांची आणखी एक सवय होती. रोज सकाळी डावा तळहात दगडांवरून फिरवत ते बुरुजाला तीन फेऱ्या घालायचे. लोकांना वाटायचं, प्रदक्षिणा. पूर्वेच्या अंगाला खाली एक बुटकं भोक ठेवलेलं होतं, माणूस पालथा पडून आत सरकू शकेल एवढं. तिसऱ्या फेरीला काका तिथे बसून आत हात घालायचे, काहीतरी चाचपायचे आणि उठायचे. आत देव आहे म्हणावं, तर देव नव्हता. मी बॅटरी मारून पाहिलं होतं, बाहेरूनच. आत जायची माझी काय छाती!

आणि कोणी विचारलं, "काका, कधी पुरा होईन हा?" तर त्यांचं उत्तर ठरलेलं. मान वर करून बुरूज शेंड्यापासून बुडापर्यंत न्याहाळायचे आणि म्हणायचे, "नाई. अजून दिसते."

काय दिसतं, ते सांगायचे नाहीत. कोणाला वाटायचं बुढ्याला वरून आदिलाबाद दिसत असेल, कोणी म्हणायचं याला भूत दिसतं. दुसऱ्या दिवशी आणखी चार दगड चढलेले असायचे.

एकदा कुठल्याशा खात्याचे एक साहेब आले. त्यांना बुरूज फार आवडला. म्हणाले, आम्ही सांध्यांत सिमेंट भरून देतो, पक्का होईल, लोक पाहायला येतील. मला तर हायसं वाटलं. मी मध्येच तोंड घातलं, "घ्या ना काका, चांगलं आहे." काका माझ्यावर असे उखडले! "सिमिट लावलं का मंग दगड काढता येते का? ज्या भितीतून एक दगड काढता येत नाई, थे भीत नाई, हट्ट हाय!"

"पण काढायचा कशाला आहे?"

त्यावर ते उठून बुरुजाकडे गेले. साहेब गेल्यावरही कितीतरी वेळ ते त्या बुटक्या भोकापाशी बसून होते.

आता मला जे काम होतं ते सांगते. बुरुजाला लागून माणिक आणि बापूराव या दोन चुलतभावांची वावरं. दोघांच्या मधला हद्दीचा दगड वीसेक वर्षांपूर्वी नाहीसा झालेला. आज्याने सरकारी मोजणीच्या वेळी रोवलेला दगड. पेरणीच्या दिवशी दोन्ही घरं त्याला शेंदूर लावून नारळ फोडायची. माणिक म्हणायचा बापूरावने चोरला, बापूराव म्हणायचा माणिकने. दोघांचे बाप हेच म्हणत मेले होते. मधली चार हात रुंदीची पट्टी दोघंही पेरायचे. एकाच्या कपाशीवर दुसरा कोळपणीचा डवरा फिरवायचा. एकमेकांच्या विहिरीत गळ टाकून दगड शोधून झाला होता.

मी जुनं टिपण, म्हणजे पहिल्या मोजणीचा सरकारी नकाशा काढला, मोजणी केली आणि नवा सरकारी दगड रोवला. दुसऱ्या दिवशी तो उपटून पडलेला. पुन्हा गेले, पुन्हा रोवला. पुन्हा उपटला, आणि या वेळी त्याचा कोपराही उडवलेला. तो मी जीपमध्ये टाकून ठेवला. "तुमचा दगड आमाले नाई पायजे," माणिक म्हणाला. "आमचा दगड ह्याच्या घरात हाय. थो निंगाला पायजे." बापूराव पलीकडून तेच बोलत होता. मी दोघांना वेगवेगळं विचारलं, दगड होता कसा? माणिक म्हणाला, कमरेएवढा, दोन माणसांशिवाय हलत नव्हता. बापूराव म्हणाला, लालभडक आणि वर नागाची आकृती. मी लिहून घेतलं. दगड गेला तेव्हा दोघंही बारा-तेरा वर्षांचे असतील, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मग एका उन्हाळ्यात जे व्हायचं ते झालं. पट्टीत नांगर घालण्यावरून जुंपली आणि माणिकने बंडीची उभारी, म्हणजे कडेचा दांडा काढून बापूरावच्या खांद्यात घातली. हाड मोडलं. बापूरावची माणसं म्हणाली, पेरणीला येऊ दे, आमी कुऱ्हाड आनतो. ही धमकी नव्हती. त्या गावात लोक सांगून करतात. आणि पेरणीला महिनाभरच होता. माझं जेवण गेलं. टिपण माझं, मोजणी माझी, उद्या एखाद्याचा जीव गेला तर तो माझ्या दगडापायी गेला, असंच मला वाटायला लागलं.

त्याच आठवड्यात दुपारी काकांकडे गेले. ते बुरुजाच्या सावलीत बसले होते. सकाळच्या फेऱ्या बंद झाल्यात, असं काकूने दारातच सांगितलं होतं. मी शेजारी बसले, बुरुजापासून जरा सरकूनच.

"बाई," ते म्हणाले, "थो दगड ह्याच्यात हाय."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"तवा ह्यायचे बाप जिते होते. दर पेरनीले दगडापाशी भांडन. हा म्हने तुवा सरकवला, थो म्हने तुवा. मी बंडी घेऊन तिथूनच जात जाओ. एक डाव इचार केला, का बापा, दगड हाय म्हनून भांडन हाय. दगडच नसन, तं भांडतीन कायच्यावर? उपटला, बंडीत टाकला, वरून पराट्या टाकल्या आन घरी आनला."

"अहो काका!"

"आयक ना माय. दुसऱ्या दिवशी दोघंई दगड पाहून राह्यले. पह्यले दगडावर भांडत, आता चोरीवर भांडाले लागले. मले वाटलं सांगावं. पन काठ्या निंगाल्या होत्या. भेव वाटलं. मंग त्या दगडावर एक दगड ठेवला. थो एकटाच दिसे. कोनीई इचारलं असतं, याच्याखाली काय हाय? म्हनून चार ठेवले. चार ठेवले तं लोकं इचाराले लागले, डोमाजी, काय बांधून राह्यला? आता काईतरी बांधाच लागन ना, बाई?"

मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही आलं, आणि दोन्हींच्या आधी राग आला. मी ओरडले त्यांच्यावर. माणसाचं हाड मोडलं, दोन घरं वीस वर्षं एकमेकांना चोर म्हणत राहिली, आणि तुम्ही इथे दगड चाटत बसलात! त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जितका उंच केला ना, तितका मले थो खालचा ज्यास्तच दिसे."

मी जरा शांत झाल्यावर समजावलं. काका, जागेवरून हललेला दगड सरकारच्या लेखी काही कामाचा नाही. हद्द टिपणावरून ठरते. तुम्ही तो काढू नका, बुरूज कोसळेल, तुम्ही मराल.

"सरकारले नसन लागत. त्यायले लागते. आन मी पह्यलेच सांगतलं होतं, एक दगड काढता येते."

चार दिवसांनी त्यांनी माणिकला आणि बापूरावला बुरुजापाशी बोलावलं. मी फोन हातात धरून उभी होते, ठाण्याचा नंबर लावून तयार. दोन्हीकडची माणसं आली होती. बापूरावचा हात गळ्यात. काका मधोमध उभे राहिले. ना नमस्कार, ना प्रस्तावना. "दगड माणिकनं नेला नाई, बापूरावनंई नेला नाई. मी नेला. ह्याच्यात हाय."

बुरुजावरचा सरडा तेवढा पळाला. माणिकचा चेहरा काळाठिक्कर पडला. तो म्हणाला, "काका, तुमी बुढे हा, म्हनून अजून उभे हा."

"दाखवा पह्यले," बापूराव म्हणाला.

दगड कुठे होता तर त्या बुटक्या भोकातून आत गेलं की उजव्या हाताला, सगळ्यात खालच्या थरात. वर सगळी भिंत. मी कळवळून विचारलं, निदान मोकळा तरी ठेवायचा होता आत. काका म्हणाले, "मोकळा ठेवला असता तं कोनाच्याई नजरेत आला असता. भितीत बसवला का दगडाचं नाव जाते."

माणिकच्या ट्रॅक्टरचा जॅक आणला. टेकूला सागाच्या चार बल्ल्या आणल्या. काका पालथे पडून आत सरकले. त्यांच्या टाचा तेवढ्या बाहेर. मी "काका, नका ना" एवढंच म्हणत होते, आणि माझ्याकडे कोणाचंही लक्ष नव्हतं. आत टकटक ऐकू यायची, मग बोलणं. ते दगडांशी बोलत होते. "थांब ना बापा. जरासा थांब. सरक तू. हां." जॅक फिरला की वरून भुकटी गळायची. एकदा आतून कर्र असा आवाज आला आणि सगळे दहा पावलं मागे पळाले. मी वीस. दोघं तेवढे पळाले नाहीत. माणिक जॅकच्या दांड्यावर आणि बापूराव, मोडक्या हातानिशी, बल्लीला खांदा देऊन. सुटले असते तर काका आतच संपले असते. दोघांनाही ते माहीत होतं, आणि दोघंही त्यांच्यावर भयंकर चिडलेले होते. मला तिथे जेवढे देव आठवले त्या सगळ्यांना मी नवस बोलून ठेवले.

मध्येच आतून आवाज आला, "बाई! तुमच्या जीपीत थो कोपरा फुटका दगड हाय ना? द्या इकडे. याच्या जागी बसवाले बरोब्बर हाय."

"काका, तो सरकारी आहे!"

"मंग सरकारी कामालेच लावून राह्यलो!"

दिला. नोंद कुठेही नाही, आणि कोणी विचारू नये ही विनंती.

उन्हं कलली तेव्हा काका उलटे सरकत बाहेर आले. तोंडभर भुकटी, कोपरं सोललेली, आणि पोटाशी धरलेला दगड. त्यांनी तो खाली ठेवला आणि दुपट्ट्याने पुसला. बुरूज उभा होता. मी आधी तेच पाहिलं. मग दगड पाहिला.

गुडघ्याएवढा. काळा. एकट्या माणसाने काखोटीला मारून नेला असता, आणि नेलाच होता.

"हा?" माणिक म्हणाला.

बापूराव खाली वाकला. दगडाभोवती एक फेरी मारून आला. ज्या खांद्याचं हाड मोडलं होतं त्यावर त्याचा दुसरा हात आपोआप गेला. "हा नाई," तो म्हणाला. "आमचा लाल होता."

"आन कमरेएवढा," माणिक म्हणाला.

"हो. कमरेएवढा."

वीस वर्षांत ते दोघं पहिल्यांदाच एकमेकांना हो म्हणाले. त्यांना खरोखर ओळख पटली नाही, की एवढ्याशा दगडासाठी हाड मोडलं हे दहा जणांत कबूल करायची लाज वाटली, कोण जाणे. मी त्यांच्या चेहऱ्यांकडे खूप पाहिलं. मला कळलं नाही.

"अरे हाच हाय!" काका कळवळले. "मी माह्या हातानं उपटला ना! बाई, तुमी सांगा. वर फुली असते ना सरकारी? पहा ना!"

सगळे माझ्याकडे वळले. मी खाली बसले आणि दगडाच्या माथ्यावर हात ठेवला. फुली होती. झिजलेली, पण माझ्या अंगठ्याखाली स्पष्ट लागली, टिपणात काढली आहे तशीच. माणिकची मूठ अजून जॅकच्या दांड्यावर होती. मी म्हटलं, "हललेला दगड कोणाचाच नसतो. हद्द टिपणावरून ठरते." एक अक्षर खोटं नव्हतं त्यात. अंगठा मात्र मी उचलला नाही.

काकांनी माझ्याकडे जसं पाहिलं, ते मी अजून विसरलेले नाही.

"म्हंजे आमचा गेलाच," माणिक दांड्यावरचा हात काढून म्हणाला. "तुह्यापाशी नाई, माह्यापाशी नाई."

"गेला," बापूराव म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "लावा बाई तुमचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवा दगड रोवला. दोघांनी खड्ड्यात माती लोटली. नारळ बापूरावने आणला. तो दगड अजून आहे. मी दर फेरीला हात लावून पाहते.

सगळ्यांचं भलं झालं म्हणायचं, काका सोडून. पंधरा दिवसांनी काकूचा फोन आला. "बाई, येऊन जाय वो. बुढा जेवत नाई. अंगनात थो दगड ठेवून बसते. म्हनते, वीस वर्स भेलो, आन आता मले कोनी एक शिवीई देत नाई."

गेले. काका दगडासमोर बसले होते. मी सांगून टाकलं, "काका, फुली मला लागली होती. मी बोलले नाही. मला भीती वाटली, तुम्हाला मारतील."

"मालूम हाय पोरी. आंगठा नाई उचलला तुवा." पहिल्यांदाच ते मला तू म्हणाले. "तूई भेली. मीई भेलो होतो. भ्यालेलं मानूस लपवते, दुसरं काय करन?" मग त्यांनी विचारलं, "पन आता ह्याचं काय करू? गावात सांगतो तं कोनी आयकत नाई. बुढा बह्यकला म्हनते."

चहा घेतला, साखर तशीच, आणि उठले. बुरुजापासून सरकून न चालता त्याला अगदी लागून चालले, एवढंच केलं मी त्या दिवशी.

पुढच्या थंडीत काका गेले तेव्हा मी ट्रेनिंगसाठी हैदराबादला होते, त्यामुळे त्यांचं शेवटचं दर्शन झालं नाही. बुरूज आहे. उन्हाळ्यात वादळवाऱ्याचं वावधान सुटलं की मी अजून काकूला फोन करते, उभा आहे का म्हणून. ती वैतागते. "हाय वो माय, हाय, तू झोप," म्हणते, मग ती दुपार का असेना.

मला काका शेवटचे दिसले ते त्याआधी, त्याच वर्षीच्या पेरणीच्या आदल्या दिवशी. भीमपूरहून परत येताना मी रस्त्यावरूनच पाहिलं आणि जीप थांबवायला लावली. काका बुरुजाच्या पायऱ्या चढत होते. उतरलेल्या खांद्यावर तो दगड. पायरी वीतभर रुंद, कठडा नाही, आणि सत्तरीचा माणूस एका हाताने दगड धरून, दुसऱ्या हाताने भिंत चाचपत वर चाललेला. खाली काकू तोंडावर पदर दाबून उभी. मी धावत निघाले. हाक घशापर्यंत आली होती; दचकतील म्हणून मारली नाही. डोळे मिटून घ्यावेत असं वाटत होतं आणि मिटतही नव्हते.

काका वर पोचले. अगदी शेंड्यावर, मधोमध त्यांनी तो दगड बसवला, फुली वर करून. खिशातून पुडी काढून त्याला शेंदूर लावला. मग तिथेच पाय सोडून बसले. पलीकडच्या वावरांत माणिक आणि बापूराव दोघंही औत थांबवून वर पाहत होते.

काकूने पदर काढला आणि खालून ओरडून विचारलं, "झाला का आता पुरा?"

काकांनी दगडावर हात ठेवला.

"हो," ते म्हणाले. "आता साऱ्याईले दिसते."